खडकवासल्याहून रानडेला

खडकवासल्याच्या चौपाटीवर तू उभी आहेस. कणीसवाल्याचा पंखा फिरतोय, निखारे तडतडतायत, आणि तुझ्या हातातल्या कागदावर तीन नावं आहेत. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग. गणेशखिंडीच्या मुख्य आवारातला माध्यम आणि संज्ञापन अभ्यासाचा विभाग. आणि लवळ्याच्या टेकडीवरचं सिम्बायोसिस. पदवी हातात आली, आता एम.ए. कुठून करायचं? बाबा फी विचारतात, आई ‘पुढे नोकरी मिळेल ना?’ विचारते. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण कागद घडी करून खिशात ठेव. आधी जरा मागे जाऊन येऊ.

१२ जुलै १९६१. सकाळ. तू आहेस तिथेच आहेस, फक्त गाड्या नाहीत, गर्दी नाही. समोर खडकवासल्याची दगडी भिंत, ऐंशीहून जास्त पावसाळे पाहिलेली. पाऊस कोसळतोय. वर आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण आहे, त्याचं काम पुरतं उरकण्याआधीच त्यात पाणी साठलंय. रात्रभर जवानांनी तिथे वाळूची पोती रचली. तरी सकाळी ते फुटलं. आता ते सगळं पाणी या भिंतीवर येतंय आणि ही भिंतही तगणार नाही. तुला हे ठाऊक आहे. खाली नदीकाठच्या पेठांमध्ये चुली पेटल्यात, पोरं शाळेच्या तयारीत आहेत, त्यांना काहीच ठाऊक नाही.

तू सायकलवर टांग मारतेस. चिखल तुडवत धायरी, वडगाव मागे टाकतेस. लकडी पुलाशी पोचतेस तर काठावर माणसं पूर बघायला जमलेली. तू जीव तोडून ओरडतेस, ‘पानशेत फुटलं!’ टोपी घातलेले एक आजोबा तुझ्याकडे वळून शांतपणे विचारतात, ‘कोणी सांगितलं?’ दुसरा विचारतो, ‘किती वाजता?’ तिसरा, ‘पाणी कुठवर येईल?’ कडेवर मूल घेतलेली एक बाई गर्दीतून पुढे येते. ‘बाई गं, मी आता काय करू, ते सांग.’

तुझ्या घशाशी शब्द अडतात. खबर खरी आहे, पण या चारांपैकी एकाचंही नेमकं उत्तर तुझ्याकडे नाही. कोणी हसून ‘अफवा आहे’ म्हणतो. काही तासांत शनिवार, नारायण, कसबा पेठ पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावरही ‘पुन्हा पाणी आलं’ अशी हाकाटी उठते आणि माणसं जिवाच्या आकांताने उंचावर पळतात. खऱ्या खबरीवर विश्वास बसला नाही, खोटीवर मात्र लगेच बसला. हे नीट ध्यानात ठेव.

आता तीन वर्षं पुढे ये. १९६४. पुणे विद्यापीठात वृत्तपत्रविद्येचा विभाग सुरू होतो. आणखी दोन पावसाळे जाऊ दे आणि रानडेच्या वर्गात बाकावर बस. त्याच आवारात परकीय भाषांचेही वर्ग भरतात, त्यामुळे व्हरांड्यात जर्मन धातू घोकणारं कोणी ना कोणी भेटतंच. तुला काम मिळालंय, गोखलेनगरला जाऊन पूरग्रस्तांची बातमी आणायची. तू निसेन हटच्या ओळींमधून फिरतेस. अर्धगोल पत्र्याखाली भर दुपारी भट्टी पेटलेली, आणि आतली म्हातारी तुला आधी पाणी देते, मग बोलते. परत येऊन तू लिहितेस, ‘पूरग्रस्तांचे अतोनात हाल होत आहेत.’ सर त्यावर लाल रेघ मारतात. ‘हाल म्हणजे काय? किती घरं? नळ किती? कोण म्हणालं?’ तू पुन्हा जातेस. नळ मोजतेस, रांगेत उभी राहतेस, नाव विचारून खात्री करून घेतेस. पुलावरचे चार प्रश्न पुन्हा तुझ्यासमोर आहेत. फरक इतकाच, की आता चुकलीस तर रेघ कागदावर पडते, कोणाच्या घरावर संकट येत नाही. अशा चुका करायला आणि सुधारायला दोन वर्षं मिळणं, यासाठीच ही पदवी घ्यायची असते.

१९७३. मान वर कर. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा उभा राहिलाय, मुंबईचं चित्र पुण्यात दिसू लागलंय. २००५ मध्ये विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ रेडिओ केंद्र सुरू होतं. साधनं बदलत राहतात. २०२१ मध्ये रानडेतला विभाग मुख्य आवारात हलवून दुसऱ्या विभागात विलीन करायचं ठरतं, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी रस्त्यावर उतरतात आणि निर्णयाला स्थगिती मिळते. नुसत्या इमारतीसाठी माणसं असं भांडत नाहीत. कँटीनच्या चहावर रात्रीच्या बातमीची चिरफाड करणारे मित्र, पहिली लाल रेघ, शहराच्या मधोमध असल्यामुळे पायी गाठता येणारा मोर्चा, हे सगळं त्या जागेला चिकटलेलं असतं.

२५ जुलै २०२४. खडकवासल्याच्या याच धरणातून रात्री विसर्ग वाढवला जातो, पहाटेपर्यंत तो ३५ हजार क्युसेकच्या घरात पोचतो. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरतं. आता प्रत्येकाच्या हातात फोन आहे, तरी रहिवासी म्हणतात, आम्हाला वेळेवर कोणी कळवलंच नाही. शिवाय ‘क्युसेक’ हा आकडा मिळून तळमजल्यावरच्या बाईला काय कळणार? तिला हवंय ते एवढंच : पाणी माझ्या दारात किती वाजता येईल आणि मी गाडी कुठे लावू. आकड्याचं असं वाक्य करणारं माणूस लागतं. ते माणूस तुला व्हायचंय.

आता कागद उघड. तिन्ही ठिकाणी एकेक दिवस जाऊन ये. स्टुडिओ, कॅमेरे जरूर बघ, पण शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून विचार : गेल्या महिन्यात वर्गाबाहेर किती वेळा गेलात? तुमचं लिखाण ओळ न् ओळ वाचून परत कोण देतं? पेपर मराठीत लिहिता येतो का? लिहिलेलं, चित्रित केलेलं विभागाबाहेरच्या कोणापर्यंत पोचतं का? फीचा हिशेबही मांड. कर्ज काढावं लागत असेल, तर पहिल्या नोकरीच्या पगारात हप्ता बसतो का, हे तिथून बाहेर पडलेल्यांकडूनच कळेल. आणि रोजचा प्रवासही धर. इथून बस पकडून धायरी फाट्याच्या कोंडीतून फर्ग्युसन रस्ता किंवा विद्यापीठ गाठायचं, म्हणजे दिवसाचे दोन-तीन तास गेले. ते वाया घालवू नकोस. बसमध्ये माणसं बोलतात, तू ऐक.

जिथे तुझ्या पहिल्या वाक्यावर ‘कोणी सांगितलं?’ असं विचारलं जाईल आणि उत्तर आणायला तुला पुन्हा बाहेर पाठवलं जाईल, तिथे प्रवेश घे. या धरणाखाली राहणाऱ्या लाखो माणसांना, खरी गोष्ट वेळेत आणि त्यांच्या भाषेत सांगणाऱ्या माणसाची गरज आहे.