इंजिनाचा उच्छ्वास : फलटण परिसरातील यंत्रांच्या निमित्ताने

यंत्रांचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाची पहिली फसगत बहुधा नावांमुळे होते. वस्तू बदलते, तिचे कार्य बदलते, ती बसविण्यामागील हेतूही बदलतो. नाव मात्र जुनेच राहते. इंजिनावरील ‘ब्रीदर’ हे याचे बोलके उदाहरण होय. विहिरीवरचे ऑइल इंजिन, धुळीच्या रस्त्यावरची जीप आणि आजच्या कारखान्यात तयार होणारे डीझेल इंजिन या तिन्हींवर या नावाचा भाग असतो. फलटणसारख्या एकाच परिसराच्या इतिहासात ही तिन्ही यंत्रे येतात. परंतु तो भाग तिन्ही ठिकाणी एकच नव्हे. जुन्या मोटारींचे जतन करणाऱ्यांनी आज तो नव्याने बसवावा की नाही, या प्रश्नाचे उत्तरही हा भेद ध्यानात घेतल्यावाचून देता येत नाही.

प्रथम या भागाची गरज का पडते ते पाहू. सिलिंडरात इंधन जळून जो वायू निर्माण होतो त्याचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांवरून निसटून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे जेथे क्रँकशाफ्ट फिरतो व वंगणाचे तेल साठते त्या पेटीत, उतरतो. पुस्तकी इंग्रजीत यास ‘ब्लो-बाय’ म्हणतात. आपल्याकडील गॅरेजात त्यास ‘बॅक कॉम्प्रेशन’ हे नाव आहे. शब्द इंग्रजी असले, तरी जोडणी येथील कारागिरांची आहे. या वायूत न जळलेले इंधन, पाण्याची वाफ व आम्लद्रव्ये असतात. ती तेलात मिसळली की गाळ धरतो. आणि वायूला वाट मिळाली नाही, तर दाब वाढून तेल सांध्यांतून बाहेर पडते. ही गळती नव्या इंजिनातही काही प्रमाणात असतेच. रिंगा झिजल्या की ती वाढते.

फलटणचा प्रदेश सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील, कमी पावसाचा. नीरेचा उजवा कालवा झाल्यावर त्याच्या लाभक्षेत्रात ऊस आला आणि १९३० नंतरच्या दशकात साखरवाडीस साखर कारखाना उभा राहिला. कालव्याचे पाणी जेथे पोहोचत नव्हते तेथे विहीर, मोट आणि पुढे इंजिन हाच क्रम होता. या इंजिनांच्या निर्मितीचा इतिहासही फारसा दूरचा नाही. १९१० साली तत्कालीन औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसली. १९४६ साली त्याच घराण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. महाराष्ट्रात परिचित असलेल्या लिस्टर घडणीच्या एकसिलिंडरी इंजिनात क्रँककेसवर एक पातळ पडद्याची झडप असते. पिस्टन खाली येताना ती आतील वायू बाहेर सोडते. पिस्टन वर जाताना मिटते व हवा आत येऊ देत नाही. त्यामुळे पेटीत किंचित निर्वात राहून तेल बाहेर झिरपत नाही. म्हणजे हा ब्रीदर केवळ उच्छ्वास टाकतो, श्वास घेत नाही. येथे हेतू एकच : तेलाची बचत.

मोटारगाडीची गोष्ट निराळी. कित्येक दशके बहुतेक मोटारींच्या इंजिनाला बाजूने खाली जाणारी एक उघडी नळी असे. तिचे टोक तिरके कापलेले असून गाडी वेगात असली की खालून वाहणारी हवा नळीतील वायू ओढून घेई. तेल भरण्याच्या टोपणातील तारेच्या जाळीतून बाहेरची हवा आत येई. ही योजना साधी व स्वस्त होती. पण ती रस्त्याचा वेग गृहीत धरून आखलेली होती. ताशी सुमारे ४० किलोमीटरांच्या खाली ती जवळजवळ निकामी ठरे. ज्या फलटणास दीर्घकाळ स्वतःची रेल्वे नव्हती व लोणंदचे स्थानक गाठावे लागे, तेथील वाहनांचा बराच प्रवास बैलगाड्यांच्या मागे अथवा आदर्कीच्या घाटाच्या चढणीवर व्हावयाचा. इंजिनावर भार सर्वांत अधिक आणि गाडीचा वेग सर्वांत कमी, अशा नेमक्या वेळी ही नळी कामास येत नसे. जाळीवर धूळ बसे ती वेगळीच.

या उणिवेवरचा उपाय प्रथम युद्धाने रूढ केला. दुसऱ्या महायुद्धातील विलीस जीपच्या इंजिनावर क्रँककेसमधील वायू नळीने इनटेक मॅनिफोल्डकडे नेणारी झडप होती. इंजिन आपल्याच ओढीने तो वायू परत घेऊन जाळी, आणि आत येणारी हवा एअर क्लीनरमधून गाळून येई. हेतू धूळ व पाणी बाहेर ठेवण्याचा होता. शहरांच्या हवेचा विचार त्यात नव्हता. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांच्या उद्योगाने विलीस जीप भारतात जुळविण्यास आरंभ केला आणि हे वाहन ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले. त्याउलट अम्बॅसिडरच्या, १९५९ नंतरच्या १,४८९ घनसेंटिमीटर इंजिनाच्या मूळ ब्रिटिश घराण्यात खाली सोडलेली उघडी नळी पुढेही काही वर्षे राहिली. त्याच घराण्यातील एमजीबी मोटारीस बंद पद्धत १९६४ साली मिळाली.

हवेचा प्रश्न पुढे आला तो कॅलिफोर्नियात. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतर लॉस एंजेलिसच्या धुरक्याची कारणमीमांसा केली. मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा धुराच्या नळीतून नव्हे, तर क्रँककेसमधून येतो असे पुढे आढळले. १९६१ च्या नमुन्यांपासून त्या राज्यात आणि १९६३ पासून अमेरिकेत सर्वत्र नव्या मोटारींवर बंद ब्रीदर येऊ लागला. जीपवरील झडप आणि ही झडप यांत तत्त्वतः भेद नाही. बदलला तो हेतू. जीपवरील झडपेस ‘प्रदूषण-नियंत्रणाचा आरंभ’ म्हणणे म्हणजे नंतरचा हेतू आधीच्या वस्तूवर लादणे होय.

या क्रमाचा शेवटचा दुवा फलटणलाच येऊन मिळतो. १९६२ साली पुण्यास किर्लोस्कर-कमिन्स कंपनी सुरू झाली. तीच पुढे कमिन्स इंडिया झाली. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कमिन्सचे विस्तीर्ण औद्योगिक संकुल फलटण तालुक्यात सुरवडी-नांदल परिसरात उभे राहिले. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनंतर जड वाहनांच्या डीझेल इंजिनाचा हा उच्छ्वासही हिशेबात धरला जातो : तो परत इंजिनात घ्यावा, अथवा बाहेर सोडल्यास धुराच्या मोजणीत मिळवावा.

आता जतनाचा प्रश्न. उघड्या नळीच्या जुन्या मोटारीस बंद ब्रीदर बसविल्याने तेल स्वच्छ राहते व गळती घटते. पूर्वीच्या अनेक इंजिनांत क्रँकशाफ्टच्या मागील टोकास रबरी सील नसून केवळ तेल मागे परतविणारे आटे असतात. तेथे हा लाभ विशेष. परंतु त्याच्या मर्यादाही आहेत. नळीत तेल अडविणारी जाळी व उलट भडका रोखणारी झडप हवी. नळीस मध्येच खोलगट वळण राहिल्यास तेथे पाणी व तेल साचते. जादा हवा मॅनिफोल्डमध्ये गेल्याने मिश्रण पातळ होते, म्हणून कार्ब्युरेटर पुन्हा जुळवावा लागतो. आणि ज्याच्या रिंगाच गेल्या आहेत त्या इंजिनास हा उपाय नव्हेच. ते बांधावयासच घेतले पाहिजे.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र याहून महत्त्वाची एक अट आहे. जुने इंजिन हे एक साधन-कागदपत्रच होय. त्याची उघडी नळी सांगते की १९५० च्या सुमारास यंत्रज्ञाला तेलाची चिंता होती. हवा अमर्याद आहे, हे त्याने विनातक्रार गृहीत धरले होते. मूळ ओतीव भागास भोक पाडून बसविलेला ब्रीदर ही साक्ष पुसून टाकतो. आणि पन्नास वर्षांनी ते इंजिन पाहणारा अभ्यासक त्यास मूळचेच समजेल. यास्तव जोड द्यावयाची ती कार्ब्युरेटरखाली बसणाऱ्या वेगळ्या पट्टीतून द्यावी, काढलेली नळी गाडीबरोबरच जपावी आणि कोणता भाग कोणत्या वर्षी बदलला याची नोंद ठेवावी. गाडी चालविणाऱ्याला बदल करण्याचा अधिकार आहे; मात्र बदलाची तारीख लपविण्याचा नाही. जुन्या हस्तलिखितात नवा पाठ समासात लिहावा, मूळ अक्षरे खरवडू नयेत, हा जो दंडक पाठचिकित्सेत मान्य आहे, तोच यंत्रांच्या बाबतीतही पाळला गेला पाहिजे.