नावेतनं पाटलांना उतरवणारा माणूस

कृष्णाकाठच्या बऱ्याच गावांत आता ग्रामपंचायतीकडं फायबरची बोट आहे. आमच्याही गावात आहे. शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय. २०१९ च्या महापुरानंतर आली. चांगली आहे, मी स्वतः हात लावून बघितलीय. पण पाणी आल्यावर ती चालवणार कोण, असं विचारलं की "पोरं आहेत की" एवढंच उत्तर मिळतं. म्हणून हे जरा लांबण लावून लिहितोय. कारण आमचं घर नावेचं.

आम्ही आंबी. कानडीत नावाड्याला अंबिग म्हणतात, त्याच्याच नात्यातला हा शब्द. बाराव्या शतकात बसवण्णांच्या काळात अंबिगर चौडय्या नावाचे वचनकार होऊन गेले, तेही नावाडीच. आमच्या सांगली-कोल्हापूर भागात नदीकाठच्या कितीतरी गावांत आंब्यांची दोन-चार घरं सापडतात. घर नदीच्या अंगाला, उतारावर. पुराचं पाणी पहिलं आमच्या उंबऱ्याला लागायचं, वाडे सगळे वर पांढरीच्या उंचवट्यावर. जुनी गावं नदीचा अंदाज घेऊन वसली होती असं हल्ली कौतुकानं लिहितात. खरंय ते. फक्त उंचावर कोण आणि उतारावर कोण, हेही त्या अंदाजातच ठरलेलं होतं, तेवढं कुणी लिहीत नाही.

माझा जन्म १९६१ चा. वर कोयनेचं धरण तेव्हा पुरं व्हायला आलं होतं. डिसेंबर १९६७ चा भूकंप मला अंधुक आठवतो. पहाटेची वेळ, भांडी खाली पडली, आणि आज्जीनं आम्हा भावंडांना झोपेतनं ओढत नेऊन नावेत बसवलं. जमीन हलतीय तर पाण्यावर बसा, हा तिचा हिशेब. उजाडेपर्यंत आम्ही थंडीत नावेत घोंगडं पांघरून बसलो होतो आणि आई काठावरनं आज्जीला शिव्या देत होती.

नाव लाकडाची, रुंद बुडाची. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ती काठावर ओढून पालथी घालायची, फळ्यांच्या फटीत कापूस ठासायचा आणि वरनं डांबर. डांबर तापवायचं काम आईचं. त्या दोन महिन्यांत नदीच्या वाळूत कलिंगडाचे वेल लावायचे, मळीच्या रानात वांगी. कृष्णाकाठच्या वांग्यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण खांद्यावर घागरी घेऊन त्यांना पाणी घालणाऱ्या पोरांना विचारा. जूनमध्ये गढूळ पाणी आलं की बायका नदीची ओटी भरायला यायच्या, आणि तिथनं पुढं आबा घरात झोपायचे नाहीत. काठावरच्या खोपीत. कारण हाक कधीही यायची. पलीकडच्या काठावरनं रात्री कुणी कंदील हलवला की समजायचं, बाळंतपण नाहीतर साप. दिवसा येतात ती कामं, रात्री येतो तो जीव, असं आज्जी म्हणायची.

आबांना लिहायला येत नव्हतं. पण पाणी चढतंय की उतरतंय हे ते काठीची खूण न लावता सांगायचे. पाणी चढतीला असलं की नदी मधे फुगते आणि फेस, काटक्या काठाला येतात. उतरतीला लागलं की तोच कचरा मधल्या धारेत जमतो. चढत्या पाण्यात नाव सोडायची तर आधी काठाकाठानं वर ओढत न्यायची, बरीच वर, आणि मग धारेत तिरपी सोडायची. ती वाहत वाहत बरोबर पलीकडच्या उताराला लागायची. लहानपणी मला वाटायचं, आबा उगाच वर नेऊन दमतात. काहिली पण असायच्या, गुऱ्हाळाच्या, पुरात माणसं त्यातही बसवायची. पण काहील गोल गोल फिरते, तिला धारेत न्यायला आबा तयार नसायचे.

आता मुद्द्याची गोष्ट. नावेचा मोबदला गावकरी पैशानं देत नव्हते. बलुतं होतं. बारा बलुतेदारांच्या याद्या गावोगाव वेगळ्या, काहींत कोळी-नावाडी असतो, काहींत नसतो. आमच्या गावात होता. सुगीला खळ्यावर जायचं आणि शाळूच्या पेंढ्या, दाणे घेऊन यायचं. वर्षभर गावातला माणूस कितीही वेळा नावेतनं गेला तरी हात पुढं करायचा नाही. परगावच्याकडनं तेवढे दोन आणे, चार आणे. लग्नाचं वऱ्हाड असलं तर नारळ आणि खण. खळ्यावर आई जायची. उन्हात तासन्‌तास बसून राहायची, मालक वळून बघेपर्यंत. कुणी मापट्यानं द्यायचं, कुणी ओंजळीनं, वरनं टाकल्यासारखं. त्या बलुत्याचे गोडवे मला गाता येत नाहीत. पुढं मला नोकरी लागल्यावर आई पहिलं वाक्य बोलली ते हेच, की आता खळं नको.

पण त्या वाईट व्यवस्थेत एक गोष्ट मात्र पक्की होती. आमच्या वरच्या अंगाला एका घाटावर मक्त्याची नाव होती. १८६८ च्या कायद्यापासून सरकारी फेरीचा लिलाव करायची रीत, पुढं ते जिल्हा परिषदेकडं आलं. मक्तेदार माणशी पैसे घेणार, म्हणजे जेवढी माणसं तेवढी कमाई. साहजिकच ती नाव नेहमी गच्च. आबांना एक माणूस जादा घेऊन काय मिळणार? काहीच नाही. त्यांचं शाळू ठरलेलं. नावेच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी डांबराची एक रेघ ओढलेली होती. पाणी रेघेला टेकलं की माणूस घ्यायचं बंद.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. बाजाराचा दिवस, पाणी चढतीला, नाव भरलेली. पाटील दोन पाहुणे घेऊन उशिरा आले आणि सरळ चढले. रेघ बुडाली. आबा म्हणाले, "आण्णा, पुढल्या खेपेला." पाटलांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आबांनी वल्हं आडवं ठेवलं आणि खाली बसले. सगळी नाव गप्प. थोड्या वेळानं आबा म्हणाले, "तुमी गावाला पाटील. न्हदीला न्हाई. उतरा." आणि पाटील उतरले! एरवी ज्या माणसासमोर आबा वहाणा काढून उभे राहायचे, तो माणूस चिखलात उतरला. पुढल्या खेपेला आबांनी त्यांना एकट्याला नेलं, त्यावर कुणी काही बोललं नाही.

मी नववीत असताना जवळ पूल झाला. सांगलीत आयर्विन पूल १९२९ सालीच झाला होता, आमच्याकडं यायला पन्नास वर्षं लागली, एवढाच फरक. पूल हवाच होता, बाळंतिणी वाचल्या. पुढच्या सुगीला खळ्यावर आईला कुणी काही दिलं नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही. आबा साखर कारखान्याच्या हंगामात मजुरीला लागले. नाव काठावर तीन पावसाळे पडून होती, मग तिच्या फळ्या गोठ्याला गेल्या.

गावानं पगारावरचा नावाडी सोडला, पण नदीनं पूर सोडला नाही. २००५, २०१९, २०२१. सांगलीत आयर्विनपाशी धोक्याची पातळी ४५ फूट, २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एनडीआरएफची तुकडी पुण्याहून येते, एसडीआरएफच्या धुळे आणि नागपूरहून. त्या ऑगस्टमध्ये पुणे-बंगळूर महामार्गच पाण्याखाली होता. मधल्या वेळात गावं आपापल्या बोटीवर. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढताना बोट उलटली आणि बायका-पोरांसकट किती जीव गेले ते आपण सगळ्यांनी बघितलं. क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, असं तेव्हा बातम्यांत आलं. चालवणाऱ्यांना दोष द्यायला मी लिहीत नाहीये. घरात पाणी शिरलंय, लेकरं रडतायत, आणि गावातलाच एक पोरगा बोटीवर उभा आहे. तो चुलत्याला, सरपंचाला, शेजारच्या म्हातारीला 'उतरा' कसं म्हणणार? कुठल्या अधिकारानं?

येत्या १ मेच्या ग्रामसभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. गावातल्या चार जणांना बोटीसाठी वर्षाचं ठरलेलं मानधन द्यावं, पूर येवो न येवो. त्यांनी जुलैत वाहत्या पाण्यात सराव करावा, मे महिन्यातल्या डबक्यात नाही. आणि बोटीवर माणसांचा आकडा रंगवावा, त्या आकड्यापलीकडं कुणालाही उतरवायचा अधिकार बोटीवरच्या माणसाला ठरावानं द्यावा. सरपंच असो, आमदार असो, नाहीतर फोटो काढायला आलेला कुणी असो.

वाहत्या पाण्यात तिरपी नाव सोडता येणारे आमच्या गावात आता दोघंच उरलेत. दोघंही पंचाहत्तरीच्या पुढचे. शिकवायला तयार आहेत, मी विचारून आलोय.