अर्जुनाचा विषाद आणि अस्तित्ववाद्यांची चिंता

'चिंता' हा शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात इतका झिजला आहे की, अस्तित्ववादी तत्त्वज्ञांना अभिप्रेत असलेला त्याचा अर्थ मराठी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. आपली चिंता मुलीच्या लग्नाची, कर्जाची वा पावसाची असते. कारण मिटले की तीही मिटते. डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्ड याने १८४४ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहून भय व चिंता यांची फारकत केली. भय कशाचे तरी असते. चिंतेस असा निश्चित विषय नसतो. आपण काय वाटेल ते करू शकतो, या जाणिवेने मनास येणारी भोवळ म्हणजेच चिंता. कळव्याच्या फलाटावर उभ्या असलेल्या चाकरमान्यास गाडी चुकण्याचे भय वाटते. गाडीत पाय ठेवताच ते सरते. परंतु आपण रोज याच गाडीने का जातो, असा प्रश्न ज्यास एकदा पडला, त्याची अस्वस्थता गाडी मिळाल्याने शमत नाही.

हा विचार केवळ युरोपचाच आहे काय? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या व १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मजिज्ञासा' नावाचे प्रकरण आहे. अर्जुनाचा पेच एकट्या अर्जुनाचा नव्हे, हे दाखविण्यासाठी त्यांनी तेथे शेक्सपिअरच्या हॅम्लेट व कोरिओलेनस यांचेही दाखले दिले. अर्जुन मरणास भ्याला नव्हता. दोन धर्म समोरासमोर ठाकले होते, आणि निवड त्यालाच करावयाची होती.

सार्त्रने १९४५ साली पॅरिस येथील व्याख्यानात असाच प्रसंग सांगितला. एकाकी आईजवळ राहावे की देशासाठी लढावयास जावे, असे विचारणाऱ्या तरुणास त्याने एवढेच सांगितले की, तू स्वतंत्र आहेस, तूच निवड.

टिळकांच्या मते कर्माकर्म ठरविण्यास कसोटी आहे. सार्त्रच्या मते अशी आयती कसोटी नाही. हा भेद मोठा आहे, आणि तो पुसून उभय विचार एकच म्हणणे ही आत्मवंचना होईल. तथापि गीतेच्या अठराव्या अध्यायात, ज्ञान सांगून झाल्यावर, भगवंत अर्जुनास पूर्ण विचार करून इच्छेस येईल तसे करावयास सांगतात. शरणागतीचा उपदेश त्यानंतर येतो; पण शरण जावयाचे की नाही, हेही अर्जुनानेच ठरवावयाचे असते. गुरू मार्ग दाखवील. पाऊल मात्र शिष्यालाच टाकावे लागते, आणि ते टाकण्यापूर्वीच्या क्षणी जी जाणीव मनास ग्रासते, तिलाच अस्तित्ववादी चिंता म्हणतात.