स्कॅलप आणि कोळंबी एकाच तव्यात: आधी कोण, नंतर कोण?

मंडळी, परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना सुपरमार्केटच्या फ्रीझरमध्ये कोळंबीच्या शेजारी एक पाकीट हमखास दिसतं. आत पेढ्याएवढे पांढरे गोल तुकडे. हा स्कॅलप! आपल्या तिसऱ्यांसारखाच दोन शिंपल्यांत राहणारा प्राणी. शेल पेट्रोल पंपाच्या चिन्हातला शिंपला याचाच. तिसऱ्या वाळूत दडून बसतात, स्कॅलप मात्र शिंपले फटाफट मिटून चक्क पोहतो. ते मिटण्याचं काम करणारा जाड स्नायू म्हणजेच पाकिटातला तुकडा.

दोन्ही एकत्र करायचं म्हटलं की आपण सवयीने हळद, मीठ, आलं-लसूण लावून सगळं एकदम तव्यात टाकतो. मग स्कॅलप पाणी सोडतो, त्या पाण्यात कोळंबी उकडते, आणि शेवटी दोन्ही वातड. एवढे पैसे घालून हे खायचं म्हणजे जिवावर येतं.

दोष बऱ्याचदा खरेदीतच असतो. पुष्कळ स्कॅलप सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेटच्या द्रावणात भिजवून विकतात. त्यामुळे ते पाणी शोषून घेतात, वजन वाढतं आणि आपण पाण्याचे पैसे मोजतो. तव्यात हेच पाणी बाहेर येतं. म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचा. फक्त स्कॅलप लिहिलेलं असेल तर उत्तम. अगदी पांढरेशुभ्र, पाण्यात निथळणारे तुकडे दिसले तर शंका घ्या. न भिजवलेला स्कॅलप किंचित पिवळसर, कधी गुलाबी असतो. पाकिटावरचा १६/२० हा आकडा म्हणजे एका पौंडात (४५४ ग्रॅम) तेवढे नग. आकडा लहान तर तुकडा मोठा.

गोठलेलं पाकीट रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवा. गरम पाण्यात नको. स्कॅलपच्या कडेला एक छोटी चिवट पट्टी असते, ती बोटाने ओढली की निघते. कोळंबीचा काळा धागा काढायचा हे तुम्हाला सांगायला नकोच! मग दोन्ही स्वच्छ फडक्याने टिपून अगदी कोरडी करा. ही पायरी टाळू नका. पाणी १०० अंशांना उकळतं, तर खरपूस रंग यायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे वरचा ओलावा उडेपर्यंत रंग येणारच नाही.

मसाला फक्त कोळंबीला लावा. स्कॅलपला टाकायच्या क्षणी मीठ, बस्स. आधी लावलं तर पाणी सुटतं, आणि हळद-तिखट तापल्या तव्यावर करपतं.

बिडाचा तवा असेल तर सोन्याहून पिवळं. तेल चांगलं तापलं की स्कॅलप अंतर सोडून मांडा आणि दोन मिनिटं हात लावू नका. (कालथा घेऊन उभं राहायचा मोह होतोच.) खालून तपकिरी झाले की उलटून आणखी दीड मिनिट, आणि ताटलीत काढा. आता आच थोडी कमी करून त्याच तव्यात कोळंबी. ती तीन मिनिटांत होते. इंग्रजी सी अक्षरासारखी वळली की झाली, ओसारखी गोल आवळली की जास्त शिजली. आत दोन्ही दुधी दिसायला हवीत, काचेसारखी पारदर्शक नकोत. शेवटी लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण, लिंबू, कोथिंबीर, आणि स्कॅलप अर्ध्या मिनिटासाठी परत आत. सोबत पाव असेल तर तव्यातलं ते लोणी वाया जात नाही.

पाहुणे येणार असतील तर आधी ॲलर्जीचं विचारा. कोळंबी कवचधारी आणि स्कॅलप मृदुकाय, पण ॲलर्जीला कारण ठरणारं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन दोन्हींत असतं. काहींना फक्त एकाचाच त्रास होतो, काहींना दोन्हींचा. ज्याला कोळंबी चालत नाही त्याने त्याच तव्यातला स्कॅलपही खाऊ नये. आणि वेगळ्या तव्यात केलेला त्याला चालेल का, हे त्याच्या डॉक्टरांनीच सांगायचं.