औंढ्याच्या यंत्राचं कूळ

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा, २,६०० कोटींचा खर्च. ६ एप्रिल २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. घडण अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळांचीच. लेसरवर, आरशांवर बरंच लिहून आलं. असलं यंत्र ताळ्यावर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची वंशावळ मात्र सहसा कुणी सांगत नाही.

तिचं मूळ अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये सापडतं. तिथल्या जॉर्ज मीली यांनी १९५५ मध्ये आणि एडवर्ड मूर यांनी १९५६ मध्ये एक साधी गोष्ट नेमकी मांडली: यंत्र कुठल्याही क्षणी मोजक्या अवस्थांपैकी एकीत असतं. टेलिफोनचंच घ्या. रिसीव्हर ठेवलेला, उचललेला, नंबर फिरवणं चालू, घंटी वाजतेय, बोलणं चालू. कुठून कुठे जाता येतं हे आधीच लिहून ठेवलं की यंत्राचं वागणं कागदावर आलं. हेच ‘अवस्था-यंत्र’.

यंत्रं वाढली तसा हा कागद आवरेना. १९८३ मध्ये इस्रायलच्या ‘लावी’ लढाऊ विमानाच्या अभियंत्यांना संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हारेल मदत करत होते. वैमानिकाने अमुक परिस्थितीत तमुक बटण दाबलं तर काय होईल, याचं उत्तर जाडजूड दस्तऐवज चाळूनही धड मिळत नसे. हारेल यांनी अवस्थेच्या पोटात अवस्था बसवणारे आराखडे काढले. ते १९८७ मध्ये ‘स्टेटचार्ट’ म्हणून प्रसिद्ध झाले. त्याआधी १९७७ मध्ये संगणकशास्त्रज्ञ अमीर प्नुएली यांनी ‘हे नेहमी खरं राहील’, ‘ते कधी ना कधी घडेल’ अशा अटी प्रोग्रॅमवर तर्कशास्त्राच्या भाषेत घालून दाखवल्या होत्या. पुढे, चालू प्रोग्रॅम अशा अटी पाळतो की नाही यावर नजर ठेवण्याचं स्वतंत्र शास्त्रच झालं.

अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांचं यंत्र सांभाळणारं ‘गार्डियन’ हे सॉफ्टवेअर याच अवस्थांच्या घराण्यातलं. पायथनमध्ये लिहिलेलं. यंत्राच्या एकेका भागाला एकेक नोड; प्रत्येकाच्या अवस्थांना नावं, आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. ऑपरेटर हवी ती अवस्था मागतो, गार्डियन तिथवरची वाट काढतो आणि पायरीपायरीने यंत्राला नेतो. आरशांची लय सुटली की यंत्र सुरक्षित अवस्थेत येतं आणि चढण पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे यंत्राने कसं वागावं हे सांगणारा मजकूर आणि तसं वागतंय का हे पाहणारा पहारा, दोन्ही एकाच ठिकाणी. म्हणून जुन्या दस्तऐवजांसारखा हा मजकूर कपाटात पडून शिळा होत नाही.

दूरच्या भूकंपाची सूचना मिळाली की जमिनीचे हादरे शोषणाऱ्या यंत्रणेने ‘भूकंप’ अवस्थेत जायचं, अशी सोयही तिकडे केलेली आहे. लाटा येईपर्यंत काही मिनिटं हाताशी असतात. हिंगोलीचं तेवढ्यावर भागणार नाही. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला इथेच, जिल्ह्यातच केंद्र असलेले ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पायाखालच्या भूकंपाला पूर्वसूचना कसली? अशा जवळच्या भूकंपासाठीची अवस्था आयती मिळायची नाही. इथल्या जमिनीच्या नोंदींवरून ती नव्याने लिहावी लागेल. नांदेड-परभणी-हिंगोलीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी अवस्था-यंत्रांचा धडा परीक्षेपुरता घोकू नये. त्याचं काम गावाशेजारीच निघालं आहे.