शिकागोच्या शिक्षिका आणि त्यांचा संघ

एकट्या शिक्षकाचे गाऱ्हाणे बहुधा अर्जाच्या रूपाने निघते आणि फायलीत विसावते. तेच गाऱ्हाणे हजारोंच्या वतीने मांडले गेले, म्हणजे त्यामागे हिशेबाचे, कायद्याचे आणि प्रसंगी न्यायालयाचेही बळ उभे राहते. संघटनेचा हा लाभ कसा मिळतो आणि त्याची किंमत काय पडते, हे अमेरिकेतील शिकागो शहराच्या सार्वजनिक शाळांच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या शहरातील प्राथमिक शाळांत शिकविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. एकेका वर्गात पन्नास-साठ मुले असत आणि वेतनश्रेणीत सुमारे वीस वर्षे वाढ झालेली नव्हती. 1895 साली निवृत्तिवेतनाचा कायदा झाला खरा. परंतु तो टिकेल की नाही, याची शाश्वती नव्हती. या काळजीतूनच 1897 साली ‘शिकागो टीचर्स फेडरेशन’ स्थापन झाले. कॅथरीन गॉगिन आणि मार्गारेट हेली या दोन शिक्षिका त्याच्या प्रमुख नेत्या होत.

संघाच्या खटपटीने 1898 मध्ये वेतनवाढ मंजूर झाली. पण थोड्याच काळात ‘तिजोरीत पैसा नाही’ असे सांगून शिक्षण मंडळाने ती मागे घेतली. एकटीदुकटी शिक्षिका या उत्तरावर निमूटपणे घरी गेली असती. संघाने मात्र पैसा का नाही, याचाच शोध घ्यावयाचे ठरविले. 1900 साली हेली यांनी वर्ग सोडून संघाचे काम पूर्ण वेळ हाती घेतले आणि करांची दप्तरे चाळली. तेव्हा असे आढळले, की ट्राम, गॅस, वीज व टेलिफोन पुरविणाऱ्या कंपन्या सार्वजनिक रस्त्यांवर रूळ, नळ व तारा टाकण्याचा मोलाचा हक्क उपभोगीत होत्या. तथापि त्या हक्काच्या किमतीवर कायद्याने देय असलेला कर आकारलाच जात नव्हता. संघ न्यायालयात गेला. 1901 साली इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कंपन्यांनी पुढे रक्कम बरीच कमी करून घेतली. तरीही सार्वजनिक कोषात दर वर्षी सुमारे सहा लाख डॉलरांची भर पडू लागली.

एवढ्यानेही काम संपले नाही. शाळांच्या वाट्याचा पैसा मंडळाने इमारतींची डागडुजी आणि कोळशाची बिले यांकडे वळविला. संघाने पुन्हा दावा लावला आणि 1904 साली न्यायाधीश एडवर्ड डन यांनी शिक्षिकांचा हक्क मान्य केला.

या स्त्रियांना त्या वेळी नगरपालिकेच्या निवडणुकीत मताधिकार नव्हता. तो 1913 साली मिळाला. ज्यांना मत होते आणि ज्यांची मुले याच शाळांत शिकत होती, अशा कामगारांशी नाते जोडावे, या विचाराने संघ 1902 मध्ये शहराच्या कामगार महासंघात सामील झाला. पांढरपेशा शिक्षिकांनी गवंडी-सुतारांच्या पंक्तीला बसावे, हे अनेकांना रुचले नाही.

त्याची किंमतही द्यावी लागली. 1915 साली मंडळाचे एक सभासद जेकब लोब यांच्या पुढाकाराने शिक्षकांना अशा संघात राहण्यास मनाई करणारा नियम झाला. पुढच्या वर्षी 68 शिक्षकांना पुन्हा नेमणूक नाकारण्यात आली. त्यांतील अनेकांच्या कामाबद्दल उत्तम शेरे होते. संघाचे पदाधिकारीही त्यांतच होते. त्याच 1916 साली ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स’ ही राष्ट्रीय संघटना शिकागोतच जन्मास आली. 1917 मध्ये राज्याने कायदा करून तीन वर्षांच्या उमेदवारीनंतर शिक्षकांची नोकरी कायम केली. परंतु काढलेल्या शिक्षकांना परत घेतले जावे, यासाठी संघाला त्याच वर्षी कामगार महासंघाशी असलेले नाते तोडावे लागले.

म्हणजे संघाच्या सभासदत्वाने शिकागोच्या शिक्षिकांना निर्वेध विजय मिळाला नाही. मिळाले ते असे: वेतनाच्या प्रश्नाला न्यायालयाचे दार, निवृत्तिवेतनाला राखणदार आणि अखेर नोकरीला कायद्याचा आधार. बुडालेला कर वसूल झाल्याने शहराचाही लाभ झाला. ज्या स्त्रियांना मतपेटीपर्यंत पोहोचता येत नव्हते, त्यांनी वर्गणीच्या जोरावर बलाढ्य कंपन्यांना हिशेब द्यावयास लावला, ही गोष्ट संघशक्तीविषयीच्या कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक बोलकी आहे.