ग्रंथपालाचा तास

ग्रंथपाल म्हटला कीं किल्ल्यांचा जुडगा सांभाळणारा गृहस्थ डोळ्यांपुढें उभा राहतो. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८७७ पर्यंत ग्रंथपाल असलेले सिब्ली यांच्याविषयीं अशीच एक आख्यायिका आहे. एकदां ते मोठ्या आनंदांत कोठें निघाले होते. कारण विचारतां म्हणाले, दोन खेरीज सारीं पुस्तकें जागेवर आहेत; तीं दोन प्राध्यापक अगासीझ यांच्याकडे असून तींच आणावयास चाललों आहें! हार्वर्डचा संग्रह त्यांनींच अपार कष्टानें वाढविला, हें मात्र ही गोष्ट सांगणारे विसरतात.

त्यांच्या जागीं जस्टिन विन्सर आले. ते स्वतः इतिहासकार. त्यांनीं पदवीपूर्व विद्यार्थ्यांनाहि कपाटांपर्यंत जाऊं दिलें. काळाचीहि तीच मागणी होती. जर्मनींत रांके यांनीं रूढ केलेली, मूळ कागद समोर ठेवून त्यांची छाननी करण्याची पद्धत अमेरिकेंतील वर्गांत येऊं लागली होती. पाठ म्हणून दाखविणाऱ्याला एक पुस्तक पुरे. शोध घेणाऱ्याला दहा लागतात, आणि त्या दहांतून आधीं कोणतें उघडावें हें त्याला कोणीं सांगावें? मिशिगन विद्यापीठाचे ग्रंथपाल रेमंड डेव्हिस यांनीं १८७९ सालीं तें काम अंगावर घेतलें आणि ग्रंथांचा उपयोग कसा करावा यावर विद्यार्थ्यांपुढें व्याख्यानें सुरू केलीं.

अशा शिकवणुकीनें काय साधतें, तें एका उदाहरणानें सांगतों. १२ ऑक्टोबर १४९२ रोजीं भूमि दिसल्यावर कोलंबसानें रोजनिशींत अमुक लिहिलें, असें विद्यार्थी एखाद्या सुबोध पुस्तकांत वाचतो. तळटीप त्याला नवारेते यांनीं १८२५ सालीं छापलेल्या स्पॅनिश संग्रहाकडे नेते. तेथें शोध घेतां त्याला कळतें कीं, मूळ रोजनिशी हरवलेली आहे. आपल्या हातीं आहे तो लास कासास या धर्मगुरूनें केलेला गोषवारा, कांहीं ठिकाणीं कोलंबसाच्या शब्दांत, पुष्कळ ठिकाणीं त्याच्या स्वतःच्या. मग या धर्मगुरूनें काय ठेवलें आणि काय गाळलें? हा प्रश्न पडलेला मुलगा परीक्षेंत कदाचित् मागें राहील. पण छापलें तें खरें, ही त्याची समजूत कायमची गेली.

विन्सर यांनीं संपादिलेल्या अमेरिकेच्या आठ खंडी इतिहासांत, १८८४ ते १८८९ या काळांत, प्रकरणांना जोडून त्यांच्या साधनांची चिकित्सा करणारे निबंध छापले गेले. पुढें १८९१ मध्यें, चतुःशताब्दीच्या उत्सवाची तयारी चालू असतां, त्यांनीं कोलंबसाचें चरित्र लिहिलें आणि माणसें गुलाम म्हणून विकण्याचा त्याचा व्यवहार झांकून ठेवला नाहीं.